मुलांच्या खेळाचा खर्च: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फी किती, ते क्लबच्या फलकावर लिहिलेलं असतं. बाकीचा खर्च कुठेच लिहिलेला नसतो, आणि घराचं गणित बिघडतं ते त्या बाकीच्यामुळे. खालची उत्तरं साधारण ६ ते १६ वर्षांच्या मुलामुलींच्या पालकांसाठी आहेत. रकमा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या जागेगणिक बदलतात. महिन्याची फी हे माप धरा आणि तुमच्याकडचा आकडा त्यात भरा.

महिन्याची फी परवडते. मग खेळ परवडेल असं समजायचं का?

नाही. एका कागदावर पाच ओळी काढा: फी, टिकाऊ साहित्य, संपणारं साहित्य, स्पर्धा, ने-आण. नवे पालक पहिल्या दोन ओळी भरतात आणि खूश होतात. दणका बसतो तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत. रॅकेट दोन वर्षांतून एकदा घ्यावी लागते, शटल मात्र रोज फुटतं. बॅट वर्षभर चालते, ग्रिप आणि बॅटिंग ग्लोव्हजचे तळवे चालत नाहीत.

प्रवेश घेण्याआधी क्लबमध्ये एवढं विचाराच. सुट्टीच्या महिन्याची फी लागते का? चेंडू किंवा शटल फीमध्ये धरलेत, की महिन्याला त्यांचा डबा आपणच विकत आणून द्यायचा? क्लबचा टी-शर्ट सक्तीचा आहे का, किती जोड घ्यायचे, आणि रंग दरवर्षी बदलतो का? संघटनेची वार्षिक नोंदणी वेगळी भरायची का? आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला संकोच वाटतो: बाहेरगावच्या स्पर्धेला प्रशिक्षक सोबत आले, तर त्यांच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च मुलांमध्ये वाटला जातो का? हा वाटा कुणी आधी सांगत नाही. मुलं चार असतील तर तो जड नसतो. तीन ऐनवेळी गळली तर सगळा एकाच घरावर येतो.

दोन क्लबांपैकी स्वस्त कोणता, हे कसं ओळखायचं?

फीकडे पाहून नाही, खेळायला मिळालेल्या तासांकडे पाहून. बॅडमिंटनचं उदाहरण घेऊ. आठवड्याला तीन दिवस, दीड दीड तास, वर्षात सुट्ट्या वगळून ४० आठवडे. म्हणजे १२० सत्रं, १८० तास. पहिल्या क्लबात एका कोर्टवर १२ मुलं आहेत. कोर्टवर एका वेळी चारच जण उतरतात, त्यामुळे ९० मिनिटांतली जेमतेम ३० मिनिटं तुमच्या मुलाच्या वाट्याला येतात. वर्षाचे ६० तास. दुसऱ्या क्लबची फी दीडपट आहे, पण कोर्टवर सहाच मुलं असतात. तिथे ९० पैकी ६० मिनिटं मिळतात, वर्षाचे १२० तास. आता भागाकार करा. दीडपट फी घेणाऱ्या क्लबात खेळाचा एक तास पहिल्यापेक्षा पाऊण किमतीत पडतो.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. कोर्टबाहेरची मुलं फूटवर्क, दोरीउड्या, शॅडो (शटलशिवाय फटक्यांचा सराव) करत असतील, तर तो वेळ वाया गेलेला नसतो. भिंतीला टेकून गप्पा चालल्या असतील, तर जातो. म्हणून पैसे भरण्याआधी घड्याळ घेऊन एक पूर्ण सत्र बाजूला बसून बघा. माहितीपत्रकापेक्षा त्यातून जास्त कळतं.

कमी खर्चाचे खेळ कोणते?

धावणं, फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल. यात मुलाचं स्वतःचं साहित्य म्हणजे मुख्यतः शूज. चेंडू आणि मैदान सगळ्यांत वाटलं जातं. टेबल टेनिसची सुरुवात स्वस्त असते. पुढे बॅटचं रबर सारखं बदलावं लागतं, कारण नियमित खेळात त्याची पकड काही महिन्यांत जाते.

मधल्या फळीत बॅडमिंटन, पोहणं आणि क्रिकेट. बॅडमिंटनमध्ये शटल खातं, पोहण्यात तलावाचं भाडं, क्रिकेटमध्ये किट. टेनिस यांच्याहून वर जातं, कारण कोर्ट मोठं, त्यावर मुलं कमी आणि एकट्याने शिकण्याची प्रथा जास्त. घोडेस्वारी, आइस हॉकी, नेमबाजी, कार्टिंग यांचं गणितच वेगळं: घोडा खेळ नसतानाही खातो, बर्फ गोठलेला ठेवायला यंत्रणा रात्रंदिवस चालते, गोळी एकदा उडाली की परत येत नाही, आणि कार्टचे टायर झिजतात ते दर शर्यतीला.

मात्र कोणताही खेळ वरच्या पातळीवर स्वस्त राहत नाही. धावणाऱ्या मुलालाही स्पर्धेसाठी रेल्वेने जावंच लागतं.

सुरुवातीला काय घ्यायचं आणि काय नाही?

पहिले तीन महिने शूज, दोन जोड कपडे, पाण्याची बाटली. बस. बाकीचं क्लबकडून वापरायला घ्या किंवा कुणाचं तरी मागून आणा. बहुतेक मुलं आवड बदलतात ती याच काळात, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण किट घेतलं की ते माळ्यावर जातं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो तो इथेच.

अपवाद एकच: डोकं, दात आणि जननेंद्रियं यांचं संरक्षण. सीझन बॉलसमोर, म्हणजे क्रिकेटच्या कडक चामडी चेंडूसमोर, उभं राहायचं असेल, तर हेल्मेट आणि गार्ड पहिल्या दिवसापासून हवंच. गार्ड कुणाचं उसनं घेऊ नका.

शूज पुढच्या वर्षीही व्हावेत म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर?

पैसे वाचत नाहीत, वाढतात. मोठ्या शूजमध्ये टाच वर-खाली घसरते आणि फोड येतात. फुटबॉलच्या शूजमध्ये त्याहून वाईट होतं: पाऊल जिथे वाकतं तिथे सोल वाकत नाही आणि स्टड चवड्याच्या नेमक्या भागाखाली येत नाहीत. मूल पाय मुडपून धावायला लागतं आणि शूजही भलत्याच जागी वाकून आधी फाटतात.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. खेळताना जे मोजे घालणार तेच घालून, उभं राहून, दोन्ही पावलांचं. सगळ्यांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा राहिली की पुरे. सगळ्यांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही. बऱ्याच मुलांचं दुसरं बोट पुढे असतं. वाढत्या वयात दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. आतली गादी काढून त्यावर मुलाला उभं केलं की किती जागा उरली ते लगेच दिसतं.

एकच जोडी सगळ्या खेळांना चालेल का?

सात-आठ वर्षांपर्यंत बऱ्यापैकी चालते. पुढे नाही. धावण्याच्या शूजची टाच जाड आणि उंच असते. पुढे धावायला ती ठीक, पण बॅडमिंटन किंवा बास्केटबॉलमध्ये बाजूला झेप घेताना घोटा मुरगळतो तो त्यामुळेच. इनडोअर कोर्टसाठी सपाट, रबरी, डाग न पाडणारा सोल घ्या. बाहेर रस्त्यावर ते शूज घालू नका. सोलमध्ये माती बसली की पकड जाते आणि मग नवे शूज घ्यायची घाई होते.

फुटबॉलच्या शूजवर छोटी अक्षरं असतात: एफजी म्हणजे कडक नैसर्गिक गवत, एसजी म्हणजे ओली मऊ जमीन, एजी म्हणजे कृत्रिम गवत, टीएफ म्हणजे आखूड कृत्रिम गवत किंवा कडक टर्फ. एफजीचे लांब स्टड कृत्रिम गवतात रुततात. पाऊल अडकतं, गुडघा फिरतो, आणि स्टड सोलपासून तुटतात. सराव टर्फवर असेल तर टीएफ घ्या. मातीच्या मैदानावरही तेच बऱ्यापैकी निभावतात.

धावण्याचे शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. वरून नवे दिसतात, पण मधला फोम बसलेला असतो. टाचेचा मधला थर आडवा सुरकुतलेला दिसला की त्यांचा निरोप घ्या.

क्रिकेटच्या बॅटवर किती खर्च करावा?

वाटतो त्यापेक्षा कमी. उंची वाढणाऱ्या मुलाला एक बॅट फार तर दीड-दोन वर्षं पुरते. लहान मापांचे क्रमांक १ ते ६, त्यापुढे हॅरो, मग पूर्ण मापाची शॉर्ट हँडल. क्रमांकाच्या तक्त्यापेक्षा एक साधी चाचणी करा: मुलाने फक्त वरच्या हाताने, डावखुरा नसेल तर डाव्या हाताने, बॅट समोर आडवी धरायची. दहा सेकंदांच्या आत हात थरथरून खाली आला, तर बॅट जड आहे. जड बॅटने मूल सरळ खेळतच नाही, खालच्या हाताने ओढून मारतं, आणि ती सवय मोडायला पुढे प्रशिक्षकाला वेगळे पैसे मोजावे लागतात.

टेनिस बॉलवर किंवा सुरुवातीच्या सीझन बॉल सरावाला काश्मीर विलो लाकडाची बॅट पुरेशी. इंग्लिश विलो मऊ असते, चेंडू छान जातो, पण तयार न करता वापरली तर पहिल्याच आठवड्यात कडा फाटते. ती अशी तयार करतात: जवसाचं कच्चं तेल एक चमचा, मऊ फडक्याने समोरच्या बाजूला, कडांना आणि पायथ्याला. मागचे स्टिकर आणि हँडलचा सांधा यांना तेल लागू द्यायचं नाही, कारण सांध्यातला गोंद सुटतो. बॅट आडवी ठेवून एक दिवस सुकू द्यायची. असे दोन किंवा तीन हात. नंतर लाकडी हातोडीने नॉकिंग: आधी हलकं, मग जोर वाढवत, एकूण साधारण सहा तास, अर्थात रोज थोडं थोडं. कडांवर हातोडी सरळ मारायची नाही, ४५ अंशांच्या कोनात मारून कड गोल करायची. मग जुना चेंडू, हलके फटके, आणि शेवटी नेटमधला सराव. समोर पारदर्शक संरक्षक पट्टी असेल तर तिथे तेल लागत नाही, फक्त कडा आणि पायथा. नॉकिंग मात्र चुकत नाही.

जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं, हा सगळ्यांत महाग गैरसमज. लाकूड तेल पितं, बॅट जड होते आणि फटक्यातली उसळी मरते. ओल्या जमिनीवर बॅट टेकवून उभं राहिलं की पायथा फुगतो. तिथे बसवायचा रबरी गार्ड अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

मोठ्यांचाच चेंडू वापरला तर काय बिघडतं?

हात, खांदा आणि उत्साह, तिन्ही. क्रिकेटच्या नियमांत पुरुषांचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा, आणि १३ वर्षांखालच्या मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा आहे. फुटबॉलमध्ये ढोबळमानाने आठ वर्षांपर्यंत ३ नंबर, बारापर्यंत ४ नंबर, त्यापुढे ५ नंबर. टेनिसमध्ये लाल, नारिंगी आणि हिरवा असे मंद चेंडू आहेत. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत ते सक्तीचे केले. योग्य मापाचा चेंडू हा खेळातला सगळ्यांत स्वस्त सुधार आहे, तरी बरेच क्लब तो घेत नाहीत, कारण दोन प्रकारचे चेंडू सांभाळावे लागतात.

बॅडमिंटनमध्ये शटलचा खर्च आवरत नाही. काय करता येईल?

आधी पिसांचं शटल का फुटतं ते बघा. त्यात १६ पिसं असतात आणि प्रत्येक पीस मध्ये कण्याने उभं असतं. फटका बुचावर बसला तर शटल टिकतं, रॅकेटची कड पिसांवर बसली की कणा मोडतो. नवशिक्या मुलाचा निम्मा फटका कडेला बसतो. म्हणून फटका स्वच्छ येईपर्यंत नायलॉन वापरा. त्याच्या बुचाभोवतीचा पट्टा हिरवा असेल तर ते मंद, निळा मध्यम, लाल वेगवान.

पिसांवर आलात की त्यांना ओलावा द्या. कोरडी पिसं काचेसारखी तुटतात. ट्यूबचं एक झाकण काढून पिसांची बाजू काही सेकंद वाफेवर धरा, झाकण लावा आणि रात्रभर ठेवून द्या. बुचाला वाफ लागू देऊ नका, ते फुगतं. वाफ जास्त झाली तर पिसं मिटतात, शटल वेगाने जातं आणि मोठ्या मुलांना राग येतो.

सरावात चांगली आणि मोडकी शटलं वेगळी ठेवा: एखादं पीस गेलेलं शटल सर्व्हिसच्या आणि नेटजवळच्या सरावाला आठवडाभर चालतं.

गटिंगचं, म्हणजे रॅकेटच्या तारांचं म्हणाल, तर मुलांना १८ ते २२ पौंड ताण पुरतो. मोठ्या खेळाडूंसारखं २८ करून आणलं की तार लवकर तुटते, मधोमध न बसलेल्या फटक्याला जोर येत नाही, आणि कोपर दुखायला लागतं. तार तुटली की लगेच बाकीच्या तारा कापून टाका, नाहीतर एका बाजूच्या ताणाने फ्रेम वाकडी होते.

पोहण्याचा पोशाख चार महिन्यांत विरतो. दोष कुणाचा?

क्लोरीनचा आणि धुण्याचा. लायक्राचं प्रमाण जास्त असलेला पोशाख आधी ढिला पडतो. नियमित सरावाला पॉलिएस्टर किंवा पीबीटी (क्लोरीनला टिकणारा पॉलिएस्टरचाच प्रकार) कापडाचा घ्या. पाण्यातून आल्याबरोबर साध्या गार पाण्यात खळबळायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. ओला पोशाख पिशवीत गुंडाळून घरी नेणं हे त्याचं मुख्य मरण. गॉगलची आतली बाजू बोटाने पुसू नका, वाफ न धरणारा थर तिथेच असतो.

शर्यतीचा घट्ट, महागडा पोशाख मोजक्या शर्यतींपुरताच घट्ट राहतो. अमेरिकेच्या जलतरण संघटनेने २०२० पासून १२ वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना तो स्पर्धेत वापरू देणंच बंद केलं. बारा वर्षांच्या मुलाचे सेकंद सुरुवात, वळण आणि पाण्याखालची लाथ यांत दडलेले असतात, कापडात नाही.

वापरलेलं साहित्य घ्यावं का?

हो, मनमोकळेपणाने, काही गोष्टी सोडून. टेनिस आणि बॅडमिंटनच्या रॅकेट, पॅड, हॉकी स्टिक, सायकल, टेबल टेनिसचं टेबल जुनं घ्यायला हरकत नाही. मुलांच्या मापाच्या टेनिस रॅकेट, १९ पासून २६ इंचांपर्यंतच्या, वर्ष-दीड वर्षात आखूड पडतात आणि जवळपास कोऱ्याच मिळतात. घेताना फ्रेमवर नखाने टिचकी मारा; बद्द आवाज आला किंवा तार ओवायच्या भोकांजवळ केसाएवढी रेघ दिसली, तर नको. बॅट घेताना हँडल किंचित पिळून कर्रकर्र होतं का ते बघा.

हेल्मेट जुनं घेऊ नका. सायकलच्या हेल्मेटमधला फोम एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. पडल्यावर तो बाहेरून धड दिसतो पण आतून संपलेला असतो. क्रिकेट हेल्मेटच्या बाबतीतही मोठा फटका बसला की बदलायचं. नवं घेताना बीएस ७९२८:२०१३ हे ब्रिटिश मानक लिहिलंय का ते पाहा. याच मानकात चेंडू जाळीच्या फटीतून आत शिरू नये याची चाचणी आली. दातांचा गार्ड, जननेंद्रियांचा गार्ड, गिर्यारोहणाचा दोर आणि पट्टे, तसंच दुसऱ्याच्या पावलाच्या आकाराला बसलेले शूजही नकोत.

स्पर्धांना किती जायचं?

स्पर्धेच्या प्रवेश फीकडे बघू नका, ती सगळ्यांत छोटी रक्कम असते. मूल एकटं जात नाही. दोघांचं तिकीट, दोघांचं राहणं, दोघांचं जेवण, शिवाय बुडालेली रजा. आता मिळतं काय ते मोजा. बाद फेरीच्या ३२ जणांच्या स्पर्धेत एकूण ३१ सामने होतात. दर सामन्यात दोघे, म्हणजे ६२ जागा, भागिले ३२. सरासरी दोन सामनेसुद्धा नाहीत. निम्मी मुलं तर पहिला सामना हरून, अर्ध्या तासात, परतीची गाडी शोधत असतात.

चार जणांच्या गटसाखळीत प्रत्येकाला तीन सामने हमखास मिळतात. म्हणून १२-१३ वर्षांपर्यंत घराजवळच्या साखळी स्पर्धा शोधा, आणि त्यातल्या उपांत्य फेऱ्या नियमित गाठायला लागल्यावरच बाहेर पडा. जवळच्या मैदानात पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलाला दूरच्या मैदानात वेगळं काही शिकायला मिळत नाही. नॉर्वेत तर मूल ज्या वर्षी १३ पूर्ण करतं त्याआधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच नसते. तरी हिवाळी ऑलिंपिकमधली सर्वाधिक पदकं त्याच देशाच्या नावावर आहेत.

वयोगटाची कटऑफ तारीखही बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती १ जानेवारी असते. डिसेंबरात जन्मलेलं मूल त्याच गटातल्या जानेवारीच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षभराने लहान असतं, आणि दहा-अकराव्या वर्षी तो फरक उंचीत आणि ताकदीत सरळ दिसतो. अशा मुलाची निवड झाली नाही म्हणून लगेच खासगी प्रशिक्षण लावणं हा कॅलेंडरवर केलेला खर्च असतो.

खासगी प्रशिक्षण कधी लावावं?

दोष नेमका ठाऊक असेल तेव्हा. 'खेळ सुधारायचाय' म्हणून लावलेले दहा तास वाया जातात. 'सर्व्हिसचा टॉस मागे जातो' म्हणून लावलेले दोन तास पुरतात. दोन मुलांनी एक तास वाटून घेतला तर खर्च अर्धा होतो आणि शिकणं अर्धं होत नाही, कारण एक खेळताना दुसरं बघतं. प्रशिक्षकांची परवानगी घेऊन शेवटच्या पाच मिनिटांचा व्हिडिओ फोनवर काढा. मग दोन आठवडे भिंतीसमोर तोच फटका, रोज शंभर-दोनशे वेळा. भिंत फी घेत नाही आणि चेंडू नेहमी परत देते.

लवकर एकाच खेळात घातलं तर एकूण खर्च कमी होईल ना?

कागदावर होतो. पण तेच स्नायू, तीच हाडं वर्षभर राबली की अतिवापराच्या दुखापती येतात, आणि फिजिओथेरपी, तपासण्या, बुडालेली फी हे सगळं त्या कागदावर नसतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला असा आहे: एकाच खेळावर भर शक्यतो १५-१६ वर्षांपर्यंत लांबवा, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्या, आणि वर्षातून एकूण तीन महिने मुख्य खेळापासून सुट्टी, हवं तर तुकड्यांनी. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नकोत, हा ढोबळ नियमही उपयोगी. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास पुष्कळ झाले.

वेगवान गोलंदाजी करणाऱ्यांनी षटकं मोजावीत. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या मार्गदर्शनात १३ वर्षांखालच्या गोलंदाजाला एका वेळी ५ आणि दिवसाला १० षटकं अशी मर्यादा आहे. संघ अडचणीत असला की ही मर्यादा आधी मोडते. स्कोअरबुक पालकांकडे असेल तर मोडत नाही.

विमा काढावा का?

आधी घरातली आरोग्य पॉलिसी उघडून तीन गोष्टी शोधा: स्पर्धात्मक किंवा साहसी खेळातली इजा वगळली आहे का, रुग्णालयात दाखल न होता केलेले उपचार मिळतात का, दातांचे उपचार मिळतात का. खेळातल्या बहुतेक दुखापतींत मूल दाखल होतच नाही, त्यामुळे दुसरा मुद्दा महत्त्वाचा. संघटनेच्या नोंदणीत अपघात विमा असतो का हेही विचारा. असतो तेव्हा पावतीवर कुठेतरी लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

वर्षाची फी एकदम भरली तर दोन महिने फुकट. भरावी?

मूल किमान दहा महिने नक्की जाणार असेल तरच. परीक्षा, आजारपण, सुट्टीतला गाव, क्लबची स्वतःची सुट्टी हे सगळं वजा करून बघा. नव्या मुलांचे दहा महिने क्वचितच भरतात. पहिला महिना, मग तीन महिने, मग वर्ष, या क्रमाने जा. वर्षाची फी भरताना दुखापत झाली तर काय, प्रशिक्षक सोडून गेले तर काय, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी 'बघू आपण' म्हणजे परतावा नाही.

फी परवडत नाहीये. क्लबला कसं सांगायचं?

हप्ता थकण्याआधी, लेखी, आणि नेमकं काय हवं ते सांगून. थकल्यावर सांगितलं की ते निमित्त वाटतं. एवढा मजकूर पुरतो:

'सर, नमस्कार. पुढच्या सत्रापासून पूर्ण फी भरणं आम्हाला जमणार नाही. निम्मी फी दर महिन्याच्या ५ तारखेला नक्की देऊ. उरलेल्या रकमेऐवजी शनिवार-रविवारच्या सामन्यांचं स्कोअरिंग किंवा साहित्याची देखभाल मी करू शकेन. मुलीचा सराव खंडित होऊ नये एवढीच इच्छा आहे. आपल्या सोयीने भेटायला येतो.'

छोट्या क्लबांना स्कोअरर, पंच, मैदान आखणारी माणसं सतत कमी पडतात, त्यामुळे हा प्रस्ताव उपकार मागण्यासारखा राहत नाही. शिष्यवृत्ती मिळाली, तर ती कशाकशाला लागू आहे ते पाहा. फी माफ पण किट आणि प्रवास तुमचा, अशी शिष्यवृत्ती नेहमीची आहे, आणि तीत हत्ती जातो, शेपूट अडकतं.

ने-आणीचा खर्च कसा कमी होईल?

चार घरांनी मिळून. आठवड्याला तीन सत्रं म्हणजे जाऊन-येऊन सहा फेऱ्या, थांबत नसाल तर बारा. चार घरांत वाटल्या की प्रत्येकाला तीन. वेळापत्रक महिन्याचं ठेवा, रोज विचारायचं ठेवलं की तिसऱ्या आठवड्यात मोडतं. गाडीत जेवढे पट्टे तेवढीच मुलं.

प्रोटीन पावडर, एनर्जी ड्रिंक, मनगटी ट्रॅकर?

नको. तासाभराच्या सरावाला पाणी पुरतं.

दोन मुलांपैकी एकाच्या खेळावर जास्त खर्च होतोय. दुसऱ्याला काय सांगायचं?

सारखे पैसे हा न्याय मुलांना समजत नाही, सारखा वेळ समजतो. पोहणाऱ्या बहिणीमागे घर सकाळी पाचला उठतं आणि बुद्धिबळ खेळणाऱ्या भावाच्या स्पर्धेला कुणी येत नाही, हे खुपतं. जुनं साहित्य नेहमी धाकट्याकडेच जात असेल, तर निदान शूज आणि ग्रिप त्याला स्वतःच्या पसंतीचे, नवे घेऊ द्या.

आता मूल सोडायचं म्हणतंय. इतके पैसे घातलेत, त्याचं काय?

ते गेले. मूल चालू ठेवेल म्हणून ते परत येत नाहीत, उलट त्यात भर पडते. प्रश्न फक्त पुढच्या महिन्याच्या फीचा आहे. कारण मात्र काढा: कंटाळा, दुखणं, प्रशिक्षकांचं ओरडणं, की मित्राने सोडलं? दुखणं असेल तर लगेच थांबवा आणि दाखवून घ्या. कुणाच्या वागण्याची भीती वाटत असेल तर त्या दिवसापासूनच बंद. नुसता कंटाळा असेल तर भरलेलं सत्र पूर्ण करायचं ठरवा, संघ असेल तर हंगाम संपेपर्यंत, आणि तारीख मुलासमोर कॅलेंडरवर लिहा. 'तुझ्यावर किती खर्च केलाय माहितीये का' हे वाक्य मात्र नको. त्यानंतर मूल हरायला घाबरतं आणि दुखलं तरी सांगत नाही.

साहित्य कधी विकायचं?

सोडल्याच्या महिन्यातच, आणि शक्यतो नवा हंगाम सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, कारण तेव्हा क्लबात नवी मुलं येतात. विकण्याआधी ग्रिप नवी लावा, पॅड उन्हात टाका, शूजच्या नाड्या धुवा. बॅट किंवा रॅकेट वर्षभर माळ्यावर ठेवली तर लाकूड कोरडं पडतं, ताण धरून तार सुटते, आणि तोवर ते माप लागणारं शेजारचं मूलही उंच होऊन गेलेलं असतं.